चिमाकाकीची हाक आणि आचारसंहिता

लांज्याच्या पलीकडे आत वळलं की गाव एका ठिकाणी सापडत नाही. चार घरं वरच्या कातळी सड्यावर, पाच व्हाळाच्या काठी, उरलेली डोंगराच्या पोटात. एका वाडीत कोणाला ताप आला तर दुसऱ्या वाडीला तो उतरल्यावर कळायचं. अशा गावाला एकत्र ठेवलं होतं ग्रामपंचायतीच्या छपरावरच्या भोंग्यानं, आणि त्या भोंग्यामागे बसायची चिमा आग्रे.

चिमा पंचायतीची शिपाई. झाडलोट करायची, पाणी भरायची, नोटिसा वाटायची आणि सकाळी माइक हातात घेऊन गावाला जे सांगायचं ते सांगायची. नवरा केरू मुंबईत कुरिअरची ओझी उचलून पाठ मोडून घरी आला होता, आता गाय सांभाळायचा. मुलगी मनस्वी रत्नागिरीला नर्सिंग शिकत होती. घर चालत होतं ते चिमाच्या नोकरीवर. दुसरा आधार नव्हता, आणि हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

सरकारी सूचना वेगळी आणि घरगुती आवतण वेगळं, असं तिला कोणी कधी सांगितलं नव्हतं. गावालाही तसलं काही नको होतं. नळाचं पाणी, डॉक्टरांची गाडी, पूजा, बारसं, मयत, सगळं त्याच भोंग्यावरून. शिवाय बाईला पदरचं जोडायची खोड. "रेशनला तांदूळ आलेत. जरा खडे आहेत, निवडून घ्या." "काशीबायची पाडी हरवलीय. मारकी आहे, दिसली तर लांबूनच सांगा." लोक हसायचे, पण ऐकायचे. नुसतं कोरडं सांगितलं असतं तर अर्ध्या गावानं कान दिला नसता.

जानेवारीत पंचायत समितीची निवडणूक लागली. गावातून दोघं उभे राहिले. एक संदेश, खडी-वाळूचा ठेकेदार. दुसरा अजिंक्य, आंब्याच्या बागा करारावर घेणारा. दोघांच्या घरांत एका दगडी गडग्याचं अंतर, पण निवडणूक लागल्यावर एकमेकांच्या सावलीला उभे राहीनात. हा म्हणे तो चोर, तो म्हणे हा दरोडेखोर. गावानं दोघांचंही ऐकून घेतलं, गावाला करमणूक हवीच असते.

त्यात संक्रांत आली. रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवं चालतात, त्यांची आवतणं चिमाच द्यायची. पूर्वी घरोघर जाऊन बोलवायची रीत होती, पण सड्यावरून व्हाळापर्यंत कोण पायपीट करणार? संदेशची बायको वेदिका सांगायला आली तेव्हा चिमा तिच्याबरोबर सहज घरी गेली. पडवीत वाणाच्या कापडी पिशव्या रचून ठेवल्या होत्या. चिमानं एक चाचपून बघितली. कापड जाड होतं, शिवण पक्की होती. दुसऱ्या दिवशी तिनं माइकवर सांगून टाकलं, "आज वेदिकाकडे हळदीकुंकू आहे, सगळ्या बायांनी या. वाण बरं आहे, मी बघितलंय, चुकवू नका."

बाया लोटल्या. कुंकू लागलं, तिळगूळ झाला, आणि पिशव्या वाटायला घेतल्या तर प्रत्येक पिशवीच्या दुसऱ्या बाजूला संदेशचा हसरा फोटो. मागोमाग संदेश स्वतः हात जोडून पडवीत. झालं! कोणीतरी मोबाईलवर सगळं टिपलं, सकाळच्या भोंग्याचा आवाजसुद्धा. संध्याकाळच्या आत ते अजिंक्यच्या हातात, आणि दुसऱ्या दिवशी त्याची तक्रार तहसील कचेरीत. सरकारी भोंगा प्रचाराला वापरला, सरकारी नोकरानं मतदारांना वाणाची लालूच दाखवली.

चिमाला पहिल्यांदा वाटलं, चूक आपली एवढीच की पिशवी उलटून बघितली नाही. मग वाटलं, हळदीकुंकवाच्या घरात वाण उलटून बघतं कोण?

चौकशीला तालुक्याचे विस्तार अधिकारी यायचे होते. त्याआधी संदेशचा माणूस येऊन सांगून गेला, "काकी, तू आपल्या मनानं बोललीस असं सांग. वयनीचं नाव घेऊ नको. पुढचं आमी बघतो." तो गेला नाही तोच अजिंक्यचा माणूस. "सरपंचानं सांगितलं म्हणून बोलले, एवढंच बोल काकी. तुला कोण धक्का लावणार नाय." सरपंच संदेशच्या बाजूचा होता ना, म्हणून. केरू पडवीतून ऐकत होता. तो म्हणाला, "दोघांना तुझं तोंड हवंय. पोट कोणालाच नको." केरू फार बोलायचा नाही, पण बोलला की नेमकं बोलायचा.

अधिकारी तरुण होता, सभ्य होता. तक्रारदार अजिंक्यलाही पंचायतीत बसवून घेऊन त्यानं चिमाला विचारलं, "तुम्हाला कोणी सांगितलं होतं?"

"वेदिकानं."

"सरपंचांची परवानगी घेतली होती?"

"हळदीकुंकवाला सरपंचाची परवानगी कशाला? त्यांची बायको पण आली होती की."

"आचारसंहिता लागू आहे हे माहीत नव्हतं?"

"माहीत होतं ना. मीच सांगितलं भोंग्यावरून, आचारसंहिता लागली, सर्वांनी नोंद घ्यावी म्हणून."

अधिकाऱ्यानं पेन खाली ठेवलं. त्याला हसू आलं असावं, पण त्यानं ते गिळलं. चिमा पुढे म्हणाली, "साहेब, ह्या अजिंक्यच्या आईचं हळदीकुंकूपण मीच सांगितलं होतं, त्याच आठवड्यात. तिथं स्टीलच्या वाट्या होत्या. त्या पण बऱ्या आहेत म्हणून सांगितलं." अजिंक्य खिडकीबाहेर बघत राहिला. अधिकारी म्हणाला की त्याची तक्रार आलेली नाही.

माइक सील झाला. चौकशीचा निकाल लागेपर्यंत कामावर येऊ नका, असं ग्रामसेवकानं चिमाला सांगितलं. तो वाईट माणूस नव्हता, त्यालाही वरून सांगितलेलं होतं. चिमा लांज्याला काजूच्या कारखान्यात जाऊ लागली. काजूच्या तेलानं बोटं काळी पडली, साल निघाली. मनस्वीला फोनवर तिनं काही सांगितलं नाही, पण पोरीला गावातूनच कळलं.

अर्ज मागे घ्यायचा दिवस आला आणि नवल घडलं. दोघांच्या वरच्या पुढाऱ्यांची कुठेतरी बैठक झाली, काय द्यायचं काय घ्यायचं ते ठरलं, आणि अजिंक्यनं अर्ज मागे घेऊन संदेशला पाठिंबा दिला. काल दरोडेखोर म्हणणारा आज त्याला माझा धाकटा भाऊ म्हणू लागला. गावानं तोंडात बोट घातलं नाही. गावाला असं काहीतरी होणार हे माहीत असतं, फक्त कधी ते माहीत नसतं.

कारखान्याची सुट्टी होती त्या दिवशी दोघं एकाच गाडीतून चिमाच्या अंगणात आले. बाकड्यावर शेजारी शेजारी बसले. संदेशनं विषय काढला, "काकी, देवळाकडे सभा हाय. भोंगा बंद, लोकांना कळवायचं कसं? तुझ्या हाकेला बायका येतात."

"आधी माझं सांगा," चिमा अजिंक्यकडे वळून म्हणाली. "तक्रार तुमचीच ना? मग मागे घेतलीत?"

अजिंक्य म्हणाला, "घेतली काकी. अर्ज दिला. पण फाईल वर गेली. आता ती आमच्या हातात नाय."

"बघू, निवडणूक होऊ दे," संदेश म्हणाला.

चिमाला तेव्हा खरा संताप आला. इतके दिवस भीती होती, रागाला जागाच नव्हती मिळाली. ती उठली, गडग्यावर चढली आणि माइकशिवाय, नुसत्या गळ्यानं वाडीला हाक घातली. "आयांनो बायांनो, संदेश आणि अजिंक्य माझ्या अंगणात आलेत. दोघं एकत्र आलेत. ऐकायला या."

बाया आल्या. कोणी भाकरीच्या पिठाच्या हातानं आली, कोणी गवताचा भारा टाकून. दोघं खूश झाले, उभे राहिले, हात जोडले. संदेश विकासावर बोलायला लागला तेवढ्यात काशीबाय पदर खोचून पुढे झाली.

"ते असू दे. चिमा कामावर कधी येणार?"

संदेशनं अजिंक्यकडे बघितलं. अजिंक्यनं पुन्हा तेच सांगितलं, फाईल वर गेली म्हणून.

"मग सभा पण वरच घ्या," काशीबाय म्हणाली आणि घराकडे चालू लागली. तिच्यामागून एकेक करून सगळ्या निघाल्या. कोणाला काम होतं, कोणाला दूध तापवायचं होतं. अंगणात ते दोघं, केरू आणि चिमा उरली.

निवडणूक झाली, संदेश निवडून आला. बाया सभेला गेल्या नाहीत म्हणून मतं थांबत नसतात, आणि परगावचा एक नवखा अपक्ष सोडला तर समोर दुसरं होतंच कोण? चिमाची चौकशी चालूच आहे. ती अजून लांज्याच्या पहिल्या गाडीनं कारखान्यात जाते. परवा गाडीत काशीबायनं तिला विचारलं, नोकरी गेल्याचं फार वाईट वाटतं का गो?

"वाईट वाटतं," चिमा म्हणाली. "पण त्यापेक्षा राग येतो. भांडायचं होतं तर भांडायचं, मिटवायचं होतं तर मिटवायचं. त्यांचं दोन्ही झालं. मी कोणाशीच भांडले नव्हते, तर माझं कोण आणि कोणाशी मिटवणार?"