तक्रारदाराच्या घरचा चहा

माझ्या आयुष्यात मी सर्वांत जास्त ऋणी कुणाचा असेन, तर आमच्या तक्रारसाहेबांचा. आणि कोल्हापूर जिल्ह्यात त्यांच्याइतका उद्धट वागणारा मऊ माणूस दुसरा झाला नाही, हे मी कुठंही लिहून द्यायला तयार आहे. नेमणुकीच्या कागदावर त्यांच्या पदाचं नाव दीड ओळीचं होतं. अर्थ एवढाच, की जिल्ह्यातल्या लहान नगरपालिका पाणी, गटारं, दिवे, कचरा, दाखले यांत कुचराई करत असतील तर लोकांनी यांच्याकडे यावं, यांनी दोन्ही बाजू ऐकाव्यात, जागा पाहावी आणि निकाल द्यावा. दीड ओळ कुणाच्या तोंडात बसेना, म्हणून शिपायापासून नगराध्यक्षांपर्यंत सगळे त्यांना तक्रारसाहेब म्हणत. त्यांचं कार्यालय मंगळवार पेठेत एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर होतं आणि खाली बँडवाल्यांची खोली होती. लग्नसराई जवळ आली की सुनावणी आणि क्लॅरिनेट एकाच वेळी चालत. साहेबांनी बँडवाल्यांना कधी थांबवलं नाही. ते तक्रारदारालाच म्हणत, "मोठ्यानं बोला. तसाही तुमचा आवाज अजून कुठं पोचलेला नाही."

मी मूळचा गडहिंग्लजकडचा. आमच्या घरात पदवीचा कागद आणणारा मी पहिला, आणि त्या कागदाला प्लास्टिकचं आवरण घालून मी कंत्राटी कारकुनाच्या मुलाखतीला गेलो होतो. साहेबांनी तो कागद पाहिलाही नाही. तुझ्या गावात काय वाईट आहे, एवढंच त्यांनी विचारलं. मी उभा राहून सांगितलं की काहीही वाईट नाही, सगळं चांगलं आहे. पाणी रोज येतं का, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, चौथ्या दिवशी येतं, पण चांगलं येतं. साहेबांनी शेजारच्या अधिकाऱ्याकडे पाहून सांगितलं की हा मुलगा म्हणजे आपल्या जिल्ह्याचा नमुना आहे, याला ठेवून घ्या. याला तक्रार करायला शिकवता आलं तर कुणालाही शिकवता येईल. नोकरी मिळाली याचा मला आनंद झाला, पण आपली निवड गुणामुळे झाली की दोषामुळे, हे मला बरेच दिवस समजलं नव्हतं.

शिक्षण पहिल्याच दिवशी सुरू झालं. आलेले अर्ज साहेब लाल पेन घेऊन वाचत आणि त्यातले 'सविनय', 'कृपावंत होऊन', 'आपला आज्ञाधारक' हे सगळे शब्द खोडून टाकत. नळाला पाणी नाही यात सविनय काय आहे, असं ते विचारत. खोडून झाल्यावर तीन पानी अर्जातून तीन ओळी उरत आणि त्या तीन ओळी साहेब पुन्हा पुन्हा वाचत. शिव्या मात्र ते खोडत नसत. एका गृहस्थानं कचऱ्याच्या गाडीबद्दल लिहिताना मुकादमाच्या मागच्या दोन पिढ्यांचा उद्धार केला होता. त्या अर्जावर साहेबांनी शेरा मारला, 'तपशील स्पष्ट आहे.'

सुनावणीत तक्रारदार आणि नगरपालिकेचा माणूस यांना ते एकाच बाकावर शेजारी शेजारी बसवत. बाक मुद्दाम आखूड बनवून घेतलेला होता. साहेबांचं म्हणणं असं, की ज्याच्या मांडीला मांडी लागते त्याला माणूस सहसा 'कार्यवाही प्रगतिपथावर आहे' असं सांगू शकत नाही. तरीही एका अभियंत्यानं ते सांगितलंच. साहेब उठले, खुंटीवरची स्कूटरची किल्ली घेतली आणि तो पथ दाखवायला चला म्हणाले. अभियंता खरोखर मागे बसून गेला. दोघं तासाभरानं परत आले तेव्हा अभियंत्याच्या बुटांना चिखल होता आणि काम सुरू करायची तारीख त्यानं स्वतःच्या हातानं लिहून दिली.

पण साहेबांची खरी ख्याती होती ती चहा न घेण्याबद्दल. म्हणजे कार्यालयात ते दिवसाला सहा कप पीत. जागेची पाहणी करायला गेले, की तक्रारदाराच्या घरचा चहा नाही, पाणी नाही, बसायचं नाही, उंबरा ओलांडायचा नाही, नमस्काराला नमस्कार नाही. सोबत घडीचं लोखंडी स्टूल आणि थर्मास न्यायचे आणि रस्त्याच्या मधोमध बसून चौकशी करायचे. लोकांना हा माणूस खडूस वाटे. मलाही वाटला. मग आमच्या जुन्या शिपाईमामांनी मला कारण सांगितलं. साहेब नवे असताना बाजाराच्या रस्त्याला दिवे नाहीत अशी सोळा जणांची तक्रार आली होती. साहेब गेले. लोकांनी फेटा बांधला, नारळ दिला, पंगत बसवली. जेवणानंतर साहेबांनी आमचा छापील कागद पुढे केला. त्यावर शेवटी दोन रकाने असतात, 'समाधान झाले' आणि 'समाधान झाले नाही'. सोळाच्या सोळा जणांनी पहिल्या रकान्यात सही केली. दिवे तर अजून लागलेले नाहीत, असं साहेबांनी विचारलं, तेव्हा त्यांच्यातला एक म्हातारा म्हणाला, "दिव्याचं काय घिऊन बसलायसा? तुमी एवढ्या लांबनं आलासा, आमचं मन भरलं की."

त्या दिवसापासून साहेबांनी सिद्धान्त मांडला, की आपल्याकडचा माणूस सरकारशी भांडतो पण पावण्याशी भांडत नाही, तेव्हा आपण पावणं व्हायचं नाही. ते मला बजावून सांगत, "तक्रारदाराचा चहा प्यायलास की तक्रार मेली."

हाच माणूस स्वतःच्या गल्लीत इतका भिडस्त होता, की भाजीवाली त्यांना कोमेजलेली मेथी देई आणि हे तिचेच आभार मानत. पत्नी गेल्यापासून ते एकटेच राहत. त्यांच्या दारातला रस्त्याचा दिवा वर्षभर बंद होता. मी म्हणालो, अर्ज करू या का. तर म्हणाले, नको, तो माझ्याचकडे सुनावणीला येईल आणि मला माझ्याशी वाईट वागावं लागेल.

आता त्या गोष्टीकडे येतो, जी सांगितल्याशिवाय त्यांची ओळख पुरी होत नाही. एका छोट्या शहरातून, त्याचं नाव घेत नाही, एका विधवा बाईंचा अर्ज आला होता. गल्ली त्यांना चाची म्हणे, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. त्या वाकळा शिवत. लोक घरातल्या जुन्या साड्या आणून देत, कुणाच्या आईची, कुणाच्या सासूची, आणि चाची त्या थरावर थर ठेवून वाकळ शिवून देत. नगरपालिकेनं गल्लीतला रस्ता उंच केला आणि गटाराचं काम मध्येच सोडलं. ते गटार चाचींच्या भिंतीशी येऊन संपलं. नळ आले की सगळ्या गल्लीचं धुण्याचं पाणी त्यांच्या घरात शिरे आणि साड्यांच्या गठ्ठ्यांपर्यंत जाई. पैशानं भरून निघेल असा तो माल नव्हता. चार साड्या नासल्या असत्या तर पुन्हा कुणी त्यांच्या हातात साडी दिली नसती आणि त्यांची चूल बंद झाली असती.

नेमका साहेबांचा गुडघा तेव्हा मुरगळला होता, म्हणून पाहणीला त्यांनी मला एकट्याला पाठवलं. उभं राहायचं, बसायचं नाही, असं तीन वेळा बजावलं. मी एसटीनं गेलो. चाचींनी मला पाहताच आत धावत जाऊन खुर्ची आणली आणि पदरानं पुसली. मी नको म्हणालो, तर त्या म्हणाल्या, "उन्हातनं आलायसा सायेब, चहाला न्हाय म्हणू न्हाई." मी बसलो. चहा झाला, पोहे झाले. त्यांनी माझं गाव विचारलं, आई काय करते ते विचारलं. गटाराचा विषय मी काढला तेव्हा त्या म्हणाल्या की होतंय की हळूहळू, तुम्ही कशाला जिवाला घोर लावून घेता. कागदावर सही केली ती 'समाधान झाले' या रकान्यात.

साहेबांनी कागद पाहिला. रागावले नाहीत. चहात आलं होतं का, एवढं विचारलं. मी हो म्हणालो. "मग संपलंच," ते म्हणाले. समाधान झालेली तक्रार त्याच विषयावर वर्षभर पुन्हा घेता येत नाही असा नियम होता. नगरपालिकेच्या अभियंत्यानं आम्हाला आभाराचं पत्र पाठवलं. पंधरवड्यानं कागदावरची एक नोंद अपुरी होती म्हणून मी चाचींना फोन केला, तेव्हा त्यांनी बोलता बोलता सांगितलं की दोन गिऱ्हाइकं साड्या परत घेऊन गेली, ओल चढली म्हणाली, असूंदे. मी ते साहेबांना जाऊन सांगितलं. त्यांनी गुडघ्याला पट्टा बांधला आणि गाडी काढायला सांगितली.

चाचींच्या दारात त्या दिवशी जे झालं, त्याची मला आजही लाज वाटते आणि हसूही येतं. चाची चहाचा कप घेऊन बाहेर आल्या. साहेबांनी कपाकडे पाहिलंही नाही. नाकाला रुमाल लावून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "तुमच्या घराला वास येतो."

साहेब पुढे म्हणाले की तुम्ही समाधान झालं म्हणून सही केली आहे, गटाराची तक्रार आता वर्षभर घेता येत नाही, आणि सही केली त्या अर्थी हा वास तुम्हाला आवडत असणार. शेजारणी दारात आल्या. चाचींनी कप उंबऱ्यावर ठेवला, पदर खोचला आणि पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला.

"वास माझ्या घराचा न्हाय, तुमच्या गटाराचा हाय. माझं घर दिसातनं चारदा पुसलेलं असतंय. कुनाला वास म्हंतायसा?"

"हे लिहून देता का?" साहेबांनी विचारलं.

"दीन की. गटाराचं न्हाय घेत म्हंतायसा न्हवं? मग तुमच्या नावानं दीन."

साहेबांनी स्टूल मिटलं आणि गाडीत जाऊन बसले. वाटेत एकदा म्हणाले, बाईंनी कप आपटला नाही, ठेवला. असल्या माणसाशी असं वागायचं जिवावर येतं.

आठवड्यानं अर्ज आला. पाहणीला आलेल्या साहेबांनी घराला वास येतो असे म्हणून गल्लीत माझी अब्रू घेतली, असा पहिला मुद्दा होता. पुढे 'वास कुठून येतो ते सांगते' म्हणून अडीच पानं. त्यात रस्ता किती बोटं उंच झाला, गटार कुठं संपलं, पाणी किती वाजता येतं, कुणाची साडी कधी भिजली, सगळं होतं. लाल पेन हातात घेऊन साहेबांनी तो अर्ज वाचला आणि खोडायला एकही शब्द सापडला नाही म्हणून पेन खिशाला लावून टाकलं. हा अधिकाऱ्याच्या वर्तनाचा नवा विषय होता, त्यामुळे नियम आड येत नव्हता, आणि वर्तनाची चौकशी करायची तर गटार पाहावंच लागणार होतं.

सुनावणीला साहेब स्वतःच्या खुर्चीवर बसले नाहीत. आखूड बाकावर, अभियंता आणि चाची यांच्या शेजारी, तिसरे म्हणून दाटीवाटीनं बसले आणि अर्ज मला वाचायला लावला. मग उभे राहून चाचींची माफी मागितली. अभियंत्याला गटार महिन्यात पुढच्या मोठ्या गटाराला जोडायचा आदेश दिला. चाचींनी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "मानूस वाईट न्हाईसा. पर जिभंला हाड न्हाय."

चाची गेल्यावर मी म्हणालो, त्यांना खरं सांगू का. साहेबांनी मला सक्त मनाई केली. तिला कळलं तर ती पुन्हा समाधानी होईल, म्हणाले.

स्वतःविरुद्धच्या अर्जाची प्रत नियमाप्रमाणे त्यांनी वर पाठवली. पाठवली नसती तर कुणाला कळलंही नसतं. वरून लेखी ताकीद आली, आणि त्या वर्षी मुदतवाढीची यादी निघाली तेव्हा तिच्यात त्यांचं नाव नव्हतं. निरोपाचा कार्यक्रम त्यांनी करू दिला नाही. स्टूल मला दिलं आणि मुलीकडे वारणानगरला निघून गेले. त्यांच्या खुर्चीवर आलेले नवे साहेब सभ्य आहेत. सर्वांशी गोड बोलतात आणि लोक त्यांच्यावर खूश आहेत. मी मात्र मधल्या काळात वारणानगरला हे पत्र पाठवलं.

आदरणीय साहेब,

गटार जोडून झालं. आदेशात महिना होता, अडीच लागले. मी काल जाऊन पाहून आलो. नळ आले तेव्हा मुद्दाम थांबलो होतो. पाणी भिंतीपाशी न थांबता पुढे गेलं. चाचींकडे साड्यांचे नऊ गठ्ठे आहेत आणि जमीन कोरडी आहे. साड्या परत नेणाऱ्या दोघींपैकी एक पुन्हा आली आहे, दुसरी आलेली नाही. तुमच्यावर त्यांचा राग अजून आहे. तुम्ही सांगितल्याप्रमाणे मी काही बोललो नाही.

एक गोष्ट मात्र तुम्हाला सांगायची राहिली आहे. भिडेखातर चहा घेतला, असं मी तुम्हाला सांगितलं होतं. ते पुरतं खरं नव्हतं. माझी आई शाळेत शिपाई आहे. शाळेत पाहुणे आले की खुर्च्या ती पुसते. माझ्यासाठी कुणी खुर्ची पुसली ती त्या दिवशी पहिल्यांदा, आणि मला साहेबही पहिल्यांदाच कुणी म्हटलं. मला ते आवडलं. चाचींनी विचारलं, सही कुठं करू. पहिल्याच पाहणीत समाधानाचा कागद घेऊन आलो तर तुम्हाला बरं वाटेल, असं माझ्या मनात आलं. बोट मी ठेवलं, साहेब. 'झाले' या रकान्यावर मी ठेवलं.

तुम्ही मला ते कधीच विचारलं नाहीत. विचारलं असतं तर मी खोटं बोललो असतो, हे तुम्हाला ठाऊक असावं. माझ्या त्या बोटामुळे तुम्हाला एका चांगल्या बाईशी वाईट वागावं लागलं आणि तुमची मुदतवाढ गेली. ताकीद तुमच्या नावावर आहे. ती माझ्या नावावर असायला हवी होती.

या पत्राला उत्तर दिलं नाहीत तरी चालेल. पण रागावून दिलंत तर मला जास्त बरं वाटेल.