बोंबलांशेजारी हातमोजे

आमच्या कॉलेजच्या स्वयंसेवक मुलांना घेऊन मी रविवारी तारोडीच्या किनाऱ्यावर सफाईला जायचो. तिथे बोंबील सुकवणाऱ्या एका मावशींचं नाव मी कधी विचारलं नाही, त्यांनीही माझं विचारलं नाही. मी त्यांचा ‘मास्तर’.

मुलं कचरा उचलायची, बॅनर धरून फोटो काढायची आणि चिखलाचे हातमोजे मावशींच्या अंगणात टाकून वडापाव खायला पळायची. मावशी ते धुऊन बोंबलांशेजारी बांबूवर वाळत घालायच्या. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवतात ना, तशीच दोन हातमोज्यांची बोटं गुंतवून. वारा आला की तिथे बोटं हलायची.

“मावशी, कशाला त्रास घेताय?” मी एकदा म्हटलं.

“ओल्यात हात घालायला पोरांना बरं वाटत न्हाय,” त्या म्हणाल्या.

विद्यापीठाच्या योजनेत कॉलेजने दत्तक घेतलेलं गाव काही वर्षांनी बदलतं. आमचंही बदललं. मी सांगायला गेलो, तेव्हा हातमोजे बांबूवरच होते. मावशींनी एकेक जोडी चाचपून काढली, पिशवीत भरली आणि माझ्या हातात दिली.

“तिकडं सुकवनारं कोन हाय का, तेवडं बघ मास्तर.”

आता ते मीच माझ्या नवघरच्या घरी धुतो आणि बाल्कनीत वाळत घालतो, बोटं गुंतवून. नव्या गावात मुली नाक मुरडतात. “सर, अजून मच्छीचा वास येतोय.”

“जाईल हळूहळू,” मी म्हणतो. पण साबण जरा कमीच लावतो.