बोटीची मोटर कोण उचलणार?

माझे वरिष्ठ काळे साहेब यांनी माझ्या इंडेंटवरच्या, म्हणजे खरेदीच्या मागणीपत्रावरच्या, आठच्या आकड्यावर लाल शाईची रेघ ओढली आणि शेजारी पंचवीस लिहिलं.

"अहो देशकर, आठ हॉर्सपॉवरनं काय होते? स्कूटरला तेवढी असते. नदी आहे ती."

"बोट रबरी आहे साहेब. तिच्या मागच्या फळीवर कंपनीची पट्टीच ठोकलेली आहे. जास्तीत जास्त दहा."

"कंपन्या लिहितच असतात. प्लांटमध्ये आपण कधी नेमक्या साइजची मोटर लावली का? एक साइज वरची लावतो. मार्जिन पाहिजे."

मीटिंगमधल्या बाकीच्यांनी माना डोलावल्या. त्यांच्यातल्या एकानंही ती बोट पाहिली नव्हती.

मी फायर आणि सेफ्टीचा इन्चार्ज होतो. कारखाना भिलाईतला, जड लोखंडी ओतकामाचा. गोष्ट ऐंशीच्या दशकातली, भिलाई मध्य प्रदेशात होतं आणि आमच्या फायली भोपाळला जायच्या तेव्हाची. कारखान्याला पाणी शिवनाथ नदीवरून यायचं. पात्रात एक उंच गोल विहीर बांधलेली, तिच्यावर पंपघर. काठापासून तिथवर लोखंडी पूल. भट्टी थंड ठेवणारं पाणी थांबलं तर भट्टी जाते, म्हणून पूर आला तरी तिथं एक माणूस ठेवावाच लागे.

आदल्या पावसाळ्यात पुरानं तो पूल नेला आणि पंप ऑपरेटर वामन मेश्राम दीड दिवस वर अडकला. आम्ही वल्ह्यांनी तीनदा गेलो. तिन्ही वेळा धारेनं आम्हाला खाली ओढून नेलं. तो वरून बघत होता. पाणी उतरल्यावर तो काठावर आला तेव्हा मला वाटलं, आता चांगल्या शिव्या खाव्या लागणार. पण तो शांतपणे म्हणाला, "साहेब, माही ड्युटी हाय, मी जाईन. पण पुढल्या पाण्याआधी बोटीले मोटर लावा. घरी पोरगी रडू रडू तापानं फणफणली न."

मी शब्द दिला. पूल पुन्हा उभा राहिला, पण तो टिकेलच असं म्हणायला कुणी तयार नव्हतं.

आउटबोर्ड मोटर म्हणजे बोटीच्या मागच्या फळीला बाहेरून दोन स्क्रूंनी आवळून लावायची मोटर. वर इंजिन, खाली पाण्यात पंखा. काम झालं की काढून घ्यायची. आठची मोटर एक माणूस खांद्यावर घेतो. पंचवीसचं वजन जवळपास दुप्पट, आणि धड कुठं धरावं तेही कळत नाही. कारखान्यात पंपाची मोटर मोठी घेतली तर बिघडत नाही. खाली काँक्रीटचा पाया असतो, डोक्यावर क्रेन असते. आमच्या साहेबलोकांनी उभ्या नोकरीत वजन म्हणून काही उचललंच नव्हतं. बटण दाबलं की क्रेन यायची. नदीवर क्रेन नसते, हे त्यांच्या डोक्यातच येत नव्हतं.

आणि मी काय केलं? पंचवीसच्या इंडेंटवर सही केली. "सगळ्यांचं एकमत आहे, तुम्हीच कावून अडून राहिले?" असं काळे म्हणाले आणि मी पेन उचललं. त्या सहीचा राग मला आजही येतो, साहेबांवरच्या रागापेक्षा जास्त.

जूनच्या पहिल्या आठवड्यात खोकं आलं. क्रेननं ट्रकमधून उतरवलं, क्रेननंच जीपमध्ये ठेवलं. नवं मशीन आलं की पूजा करायची, ही आमच्याकडची रीत. नदीकाठी खुर्च्या मांडल्या, जीपमधल्या मोटरवर कुंकवाचं स्वस्तिक निघालं, काळे साहेबांनी नारळ फोडला. जीप होती वर रस्त्यावर. पाणी खाली, चिखलाच्या उतारापलीकडे दोनशे पावलांवर. माझे चार फायरमन पुढं झाले.

"थांबा," मी म्हणालो. "आज साहेब उचलतील."

काळे हसले. मी हसलो नाही.

"पुरात माझी दोन माणसं बोट धरतील, दोघं मोटर. पाचवा माणूस नाही माझ्याकडे. साइज तुम्ही ठरवली. एक टोक तुम्ही धरा, एक मी. खालपर्यंत नेली तर आत्ता ओके लिहून देतो."

"देशकर, लोकांसमोर तमाशा करून राहिले तुम्ही."

"मेश्राम पण लोकांसमोरच अडकला होता. दीड दिवस."

माझा आवाज चढला होता. खुर्च्यांवरचे सगळे वळून बघायला लागले. मागं फिरणं त्यांनाही जमेना. त्यांनी बाह्या सारल्या आणि टोक धरलं. चाळीसएक पावलांवर त्यांचा बूट चिखलात रुतला. पन्नासाव्या पावलाला मोटर खाली टेकली. ते धापा टाकत म्हणाले, "वजन किती आहे हिचं?"

"इंडेंटवर लिहिलं होतं. तुम्ही खोडलं."

पुढं फायरमननी ती नेली आणि फळीला लावली. बोटीचं बूड खाली गेलं, नाक वर आलं. मागच्या रबराच्या काठाशी पाणी खेळायला लागलं, आणि बोटीत अजून एकही माणूस नव्हता.

"बसा साहेब. मेश्राम जिथं बसणार तिथं बसून पाहा."

ते बसले नाहीत. रुमालानं बूट पुसत राहिले. मग खाली मान घालूनच म्हणाले, "परत पाठवा. आठची मागवा."

नागपूरच्या डीलरकडे आठची पडूनच होती. चार दिवसांत आली. फाइलवर काळे साहेबांनी लिहिलं, "माझ्या सूचनेवरून लहान मोटर निवडण्यात आली." वाचून माझं डोकं पुन्हा फिरलं. पण या खेपेला सही करताना हात अडला नाही.

ऑगस्टमध्ये पूल पुन्हा गेला. वर मेश्रामच होता. दोघांनी बोट नेली, मोटर एकट्यानं. धारेच्या तोंडाला तिरपी धरून आम्ही विहिरीला लागलो आणि त्याला घेऊन तासाभरात काठावर आलो.

मेश्राम उतरला. ओला, थंडीनं काकडलेला. मी म्हटलं, "जा, जीपमध्ये बस, चहा घे." तो गेला नाही. बोटीच्या मागं गेला, दोन्ही स्क्रू सोडले, मोटर खांद्यावर घेतली आणि त्या चिखलातून एकटा वर चढला.

जीपमध्ये ती नीट ठेवून तो म्हणाला, "हे बरी हाय साहेब. उचलल्या जाते."

त्यानंतर मी कुठल्याही इंडेंटवर पहिली ओळ एकच लिहीत आलो: हे कोण उचलणार आहे, त्याचं नाव.