पंच्याहत्तर किलोचा गोविंदा

सोनेगावच्या विमानतळावर एक लहानशी कंपनी भाड्यानं विमान देत असे. तिथं वजनं करायचं काम रुपरावचं. आधी तो कापसाच्या बाजारात मापारी होता. गाठोड्यावर हात ठेवला की वजन सांगे. इथं साहेबानं पहिल्याच दिवशी बजावलं, "हातानं नाई चालत गा. काट्याचं बोल."

हिशेब त्यानं बैलबंडीवरून समजून घेतला. ओझं मागं गेलं की बंडी उलाळ होते, बैलाचा गळा आवळते; पुढं आलं की मान दबते. विमानाचंही तसंच. रिकामं विमान, तेल, माणसं, पेट्या, ज्याचं त्याचं वजन नाकापासूनच्या अंतरानं गुणायचं, समद्याची बेरीज करायची अन् एकूण वजनानं भागायचं. उत्तर तक्त्यावरल्या दोन रेघांच्या मधात आलं तर ठीक, नाही तर रुपराव माणसं उठवून दुसरीकडं बसवी. मोठमोठे शेठ जोडे काढून त्याच्या काट्यावर उभे राहत.

"पोट आत ओढून वजन कमी नाई होत जी, ताराचंदशेठ," असं तो बेधडक म्हणे.

चौऱ्याहत्तरच्या मे महिन्यात रामदासपेठेच्या दवाखान्यातून गोविंदाले आणलं. एकोणीस वर्षांचा पोरगा, दोन्ही मूत्रपिंडं गेलेली. मुंबईले न्यायचं होतं. संगं त्याची विधवा माय इंदूबाई, काका नानाजी अन् एक डॉक्टर.

रुपरावनं समदे तोलले. गोविंदाचं स्ट्रेचर काट्याकडं वळवलं, तशी इंदूबाई आडवी झाली.

"माह्या लेकाले काट्यावर नोको ठेवू गा. बिमार माणूस तोलत असतेत का कुठं?"

दुखणाईत तोलणं रुपरावच्या गावातही अपशकुनाचं मानत. त्याचा हात आपोआप मागं आला. न तोललेल्या माणसासाठी कंपनीच्या पुस्तकात ठरीव वजन होतं, पंच्याहत्तर किलो. त्यानं तेच लिहिलं.

ऊन असं की धावपट्टीवर उभं राहवेना. तापल्या हवेत विमान नेहमीएवढं ओझं उचलत नाही, म्हणून वजनाची हद्द आधीच खाली आणलेली. बेरीज झाली. जागा उरली नऊ किलोची. इंदूबाई बेचाळीस.

"माय, तुमाले नाई जाता येत."

"तेल कमी टाक ना गा, भाऊ."

"मंग वाटेत उतरा लागते. डॉक्टरसायेब नाई म्हणते."

"मी खाली बसीन. लेकाचं डोस्कं मांडीवर घेईन."

"खाली बसलं तरी वजन तेवढंच राह्यते, माय."

नानाजी उतरायले निघाला. पण मुंबईचे डॉक्टर त्याच्या ओळखीचे, कागदावर सही त्याले करायची. इंदूबाईनंच त्याले परत बसवलं. मग गोविंदाच्या कानाशी वाकली. "मी गाडीनं येऊन राहिली, बाबू. तू पुढं हो."

विमान गेलं. दुपारी कागद लावताना दवाखान्याची चिठ्ठी रुपरावच्या हाती आली. सकाळपासून ती टेबलावरच पडली होती. त्यात लिहिलं होतं, गोविंदाचं वजन चौतीस किलो.

त्यानं तीनदा हिशेब केला. इंदूबाई बसली असती. वरून आठ किलो उरले असते.

विमान परत बोलावता येत नव्हतं. दुसरं विमान नव्हतं. रुपराव खुर्चीवर बसून राहिला.

गोविंदानं त्याच दिवशी चार वाजता मुंबईत जीव सोडला. वाटभर माय कुठं हाय म्हणून विचारत होता, असं पायलटनं येऊन सांगितलं. इंदूबाईची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी पोचली.

त्यानंतर रुपराव प्रत्येक दुखणाईत तोलू लागला. लोक आडवे होत, "कसाई हायेस का रे?" म्हणत. तो ऐकून घेई अन् आकडा लिही.

तेरवी झाल्यावर चिठ्ठी खिशात घालून तो धरमपेठेत इंदूबाईच्या घरी गेला. कबूल करायचं म्हणूनच गेला होता. तिनं त्याले ओळखलं, पाणी आणून दिलं, समोर भुईवर बसली.

"एक सांग गा, भाऊ. खरंच जागा नव्हती?"

रुपरावचा हात खिशापाशी गेला. चिठ्ठी दाखवायची म्हणजे काट्याची गोष्ट निघणार. अन् काट्याले आडवी तीच झाली होती. मग जन्मभर ती तेच उगाळत बसली असती.

"नव्हती, माय," तो म्हणाला.

"असं होय." तिनं पदरानं तोंड पुसलं. "मले वाटे, मीच अजून हट्ट कराले पायजे होता."

रुपरावनं पाणी पिलं अन् उठला.