कस्तुरीनं काढलेला दाखला

पंचगंगा फुगली की सगळ्यात आधी पाणी शिरतं त्या खालच्या गल्लीत कस्तुरीचं घर. दोन खोल्या आणि पुढं पत्र्याची पडवी. घर नवऱ्याच्या, ईरप्पाच्या नावावर होतं. ईरप्पा फाउंड्रीत मोल्डर होता. लेक सौंदर्या पहिलीत असताना एका सकाळी तो डबा घेऊन कामावर म्हणून गेला आणि परत आलाच नाही. बरोबरीच्या कामगारांनी सांगितलं, हुबळीच्या गाडीत बसला, सोबत एक बाई होती. पोलिसांत बेपत्ता म्हणून तक्रार नोंदवली गेली. पुढं काही झालं नाही.

कस्तुरीनं रडण्यात फार दिवस घालवले नाहीत. स्टँडजवळच्या एका खानावळीत ती भाकऱ्या थापायला लागली. तवा, पीठ, फुफाटा, पुन्हा तवा. बोटांची टोकं भाजून भाजून गुळगुळीत झाली. खानावळीचा मालक येता-जाता मुद्दाम अंगाला घासून जायचा. गल्लीतल्या बायका तिला हळदी-कुंकवाला बोलवायच्या नाहीत आणि विधवांतही धरायच्या नाहीत. टाकलेली बाई, एवढंच. नवरा मेला असता तर लोकांनी निदान डोळ्यांना पदर लावला असता, असं तिला वाटायचं.

सासू शांतादेवी तिच्याच गळ्यात होती. कस्तुरी तिला आत्ती म्हणायची. काचबिंदूनं आत्तीची नजर पार गेली होती, पण तोंड चालू होतं. "माझा ईरप्पा येनार हाय बघ." दर सणाला ती लेकाच्या नावानं ताट वाढायला लावायची. दुसऱ्या दिवशी ते शिळं ताट कस्तुरी खायची.

ईरप्पा गेल्याला सात वर्षं उलटल्यावर तो मोठा महापूर आला. पाणी ओसरल्यावर बघितलं तर मागची भिंत पडलेली. पंचनाम्याला माणसं आली.

"घर कुनाच्या नावावर?"

"मालकांच्या."

"बोलवा त्यास्नी. सही लागती."

"बेपत्ता हायत."

"मग मृत्यूचा दाखला आना. त्याशिवाय काय हुईत न्हाई."

म्हणून कस्तुरी पहिल्यांदा जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीशी जाऊन उभी राहिली. आतल्या कारकुनानं विचारलं, "मयत कधी झाले?"

"ठावं न्हाई."

"कुठं?"

"ठावं न्हाई."

त्यानं मान वर केली. "झालेत का तरी?"

"झाल्यासारखंच हाय."

"झाल्यासारखं चालत नाही, बाई." कारकून वाईट माणूस नव्हता. त्यानं समजावून सांगितलं : माणूस सात वर्षं कुणाच्या कानावर नाही, हे कोर्टात शाबीत करायचं. कोर्टानं मयत ठरवलं की मगच इथं नोंद. आणि साक्षीला त्याच्या रक्ताचं कुणी असेल तर बरं.

सौंदर्या लहान, म्हणून रक्ताचं म्हणजे आत्ती. तिनं हे ऐकलं आणि जमिनीवर हात आपटले. "रांडं, माझ्या लेकराला जित्ता पुरतीस व्हय! तुझ्या हाताला किडं पडतील!"

दुसऱ्या दिवशी कस्तुरीनं सौंदर्याला शेजारी ठेवलं, चूल पेटवली नाही आणि कामाला निघून गेली. पडलेल्या भिंतीतून घरात कुत्री येत होती. ती हाकलायला म्हातारीला दिसत नव्हतं. तिन्हीसांजेला कस्तुरी आली तेव्हा म्हातारी कोपऱ्यात अंग चोरून बसली होती, लुगडं ओलं झालं होतं.

"आत्ती, मी कागलला माहेराला जाते. तुमी ऱ्हावा हितंच. तुमचा ल्योक येनारच हाय की."

म्हातारीनं ओलं लुगडं पायाखाली ओढून घेतलं. मग म्हणाली, "काय सांगायचं कोर्टात?"

कोर्टात म्हातारीनं पढवलेलं सगळं सांगितलं. वकिलानं विचारलेलं नव्हतं, तेही शेवटी बोलली : "मेलाय त्यो." घरी आल्यावर ती भिंतीकडं तोंड करून पडून राहिली आणि पुन्हा कधी लेकाचं नाव घेतलं नाही.

निकाल लागायला वर्षं गेली. दाखला हातात पडला तेव्हा कस्तुरीनं तो खिडकीशीच उभी राहून वाचला. मृत्यूची तारीख म्हणून तिनं कोर्टात दावा लावला तीच तारीख पडली होती. म्हणजे ती वकिलासमोर सही करत होती, त्या दिवशी ईरप्पा मेला. तिला हसू आलं. घर तिच्या नावावर झालं, रेशनकार्डावरनं ईरप्पाचं नाव कमी झालं, भिंत पक्क्या विटांची बांधली. ती आता गल्लीत ताठ मानेनं चालायची. खानावळीच्या मालकालाही तिनं एकदा सगळ्या गिऱ्हाइकांसमोर उलथनं दाखवलं. त्यानंतर तो चार हात लांबून जायला लागला.

आणि गेल्या वर्षी नोंदणी ऑफिसातून निरोप आला. एक गृहस्थ आलेत, स्वतःला ईरप्पा म्हणवतात, नोंद रद्द करा म्हणतात. जबाबाला या.

तो बाकावर बसला होता. चेहरा सुजलेला, पाय चपलेत मावत नव्हते. कस्तुरीनं दारातूनच ओळखलं. ती येताना वाटभर विचार करत आली होती, की त्याला बघून आपण ओरडू, का थुंकू, का रडू. यातलं काहीच झालं नाही. तिचं लक्ष त्याच्या शर्टाकडं गेलं. शर्ट जुना होता, पण त्याचं एक बटण नव्या दोऱ्यानं, चार बाजूंनी घट्ट शिवलेलं होतं. हे बाईचं काम होतं. कुणीतरी इतकी वर्षं त्याची बटणं लावत होतं.

"कस्तुरे," तो म्हणाला, "माझं लई चुकलं. ती बी गेली गेल्या साली. माझ्या किडन्या गेल्यात. डायलिसिस योजनेतनं फुकट हुतंय, पन रेशनकार्डावर नाव न्हाई म्हनून घेईनात. चौकशी केली तर म्हनत्यात, तू मेलाईस."

टेबलापलीकडच्या निबंधक बाईंनी विचारलं, "ओळखता का यांना?"

कस्तुरीनं त्याच्याकडं नीट बघितलं. तोही बघत होता. त्याला खात्री होती, असं त्याच्या डोळ्यांत दिसत होतं. ही कस्तुरी काय नाही म्हणणार?

"न्हाई, म्याडम. कोन पावणं हायत ठावं न्हाई."

"कस्तुरे!"

"माजे मालक मयत हायत. दाखला तुमीच दिलाईसा."

"लेखी द्यावं लागेल," बाई म्हणाल्या. "खोटं असेल तर गुन्हा होतो, कळतंय ना?"

"आना. सही करते."

तिनं सही केली. ईरप्पा बाकाला धरून उठला. "माझी अव्वा हाय का?" त्यानं विचारलं. "म्याडम, अव्वा ओळखंल मला. तिला घिऊन येतो." बाई म्हणाल्या, आणा. आई आली तर कोर्टात जायलाही तुम्हाला आधार होईल.

दोघं एकाच रस्त्यानं निघाली. कस्तुरी पुढं, तो मागं. सुजलेल्या पायांनी त्याला चालवत नव्हतं, दर खांबाशी तो थांबत होता. तिनं मागं वळून बघितलं नाही आणि चालही कमी केली नाही. घरी पोचल्यावर ती म्हातारीच्या कानाशी बसली.

"आत्ती, आत्ता एक मानूस येईल. तुमचा ल्योक म्हनून सांगंल. तुमी व्हय म्हनलासा तर त्याचा हात धरून जायचं. ह्या घरात परत यायचं न्हाई. घर माझं हाय."

म्हातारी चाचपडत भिंतीला टेकली.

तो आला तेव्हा पडवीत पत्रा धरून उभा राहिला. दम लागला होता. "अव्वा," तो म्हणाला. "मी आलोय."

एवढ्या वर्षांनी तो आवाज ऐकून म्हातारीचं सगळं अंग आवाजाकडं वळलं. हात पुढं गेला. त्यानं तो धरला आणि स्वतःच्या गालावर ठेवला. म्हातारीची बोटं गालावरून कानापर्यंत गेली, तिथंच थांबली. मग तिनं मान कस्तुरीच्या दिशेनं वळवली.

"कोन गं हे?"

"पावणं हायत. घर चुकल्यात."

म्हातारीनं हात काढून घेतला. "माझा ल्योक गेलाय, बाबा," ती म्हणाली. "दुसरीकडं बघा."

ईरप्पा तिथंच खाली बसला. गल्लीत माणसं जमली. त्याला ओळखणारे दोघे-तिघे होतेच, पण कस्तुरीच्या तोंडाकडं बघून कुणी पुढं आलं नाही. शेवटी कुणीतरी त्याला उठवलं आणि रिक्षात घातलं.

रिक्षाचा आवाज लांब गेला. म्हातारी म्हणाली, "कस्तुरे, आवाज लई बारीक झालाय त्याचा. जेवला हुता का गं त्यो?"

कस्तुरीनं ताटात भाकरी कुस्करली, वर आमटी ओतली आणि ताट म्हातारीच्या पुढ्यात सरकवलं. म्हातारी जेवली. सगळं जेवली.

पुढच्याच महिन्यात ईरप्पा निपाणीच्या दवाखान्यात वारला, अशी बातमी गल्लीतनंच आली. सौंदर्या तेव्हा इचलकरंजीला एका सूतगिरणीच्या ऑफिसात लागली होती. ती सुट्टीला आली आणि उंबऱ्यातच उभी राहिली. "आई, बाबा आले होते?"

"आल्ते."

"तू ओळखलंस?"

"ओळखलं."

"आणि सही केलीस?"

"तुझ्या तापात तुला पाठीवर घिऊन मी चिखलातनं पळत हुते, तवा कुनी आमाला वळखलं न्हाई," कस्तुरी म्हणाली. "व्हय, केली."

सौंदर्या आजीपाशी थोडा वेळ बसली आणि पाणीही न पिता पुढच्या गाडीनं परत गेली. आता ती रविवारी फोन करते. फोन कस्तुरीच्या मोबाइलवर येतो. नाव बघून कस्तुरी तो न बोलता म्हातारीच्या कानाला लावते आणि बोलणं संपेपर्यंत धरून उभी राहते. नात काहीतरी सांगते, म्हातारी हसते. मग पलीकडून फोन बंद होतो, आणि कस्तुरी कामाला जाते.