अक्कलदाढेच्या निकालावर माझी हरकत

माझी अक्कलदाढ काढणे अवघड आहे, असा निकाल रत्नागिरीतील एका संगणकाने माझे म्हणणे ऐकून न घेता दिला.

दाढ चार दिवस ठणकत होती आणि ती त्याच दिवशी निघावी, एवढीच माझी रास्त मागणी होती. दातांच्या डॉक्टरबाईंनी (वयाने माझ्या धाकट्या मुलीएवढ्या) एक्स-रे संगणकात घातला. पडद्यावर दाढ तांबडी झाली, तिच्या मुळाशी हिरवी रेघ उमटली आणि खाली शब्द आला: 'अतिअवघड'.

"काका, दाढ आडवी आहे, मुळं नसेला टेकल्यासारखी दिसतायत. घाईत ओढली तर खालचा ओठ कायमचा बधिर राहू शकतो. शनिवारी कोल्हापूरहून सर्जन येतात, तोवर गोळ्या घ्या."

"हे ठरवलं कोणी?"

"सॉफ्टवेअरनं. मलाही तसंच वाटतं."

"कोणत्या आधारावर?"

"दाढेचा कोन, हाड, तोंड किती उघडतं, वय..."

"तोंडाचे पुरते गुण धरा हो," आमची सौ. म्हणाली.

मी मात्र 'वय' या शब्दावर अडलो. तिथेच बसून तीन पानी हरकत लिहिली: शाळेत लवकर घेता यावे म्हणून गुरुजींनी माझे वय दोन वर्षे वाढवून लिहिले, सबब ते कमी धरून फेरनिर्णय व्हावा. खाली सही, तारीख.

सौ.ने हरकत वाचून डॉक्टरबाईंच्या हाती दिली. "अहो, म्हणजे ज्येष्ठ नागरिकाचं अर्धं तिकीट तुम्ही दोन वर्षं आधीच काढायला लागलात?"

"हळू बोल."

"पालीच्या स्टँडवर कंडक्टरला कायदा शिकवलात, तो तेव्हाच ना?"

मी हरकत मागे घेण्यासाठी हात पुढे केला.

"फाइलला लावली, काका," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांनी वय कमी करून पाहिले. निकाल कायम.

शनिवारी सर्जननी दाढेचे तुकडे करून ती काढली. मूळ खरोखरच नसेवर टेकलेले होते! सोमवारी बाईंनी माझ्या ओठावरून कापूस फिरवला.

"जाणवतंय?"

जाणवत होते. डोळ्यांत पाणी आले. ते मी दुखण्यामुळे असल्याचे नोंदवले.

घरी येऊन त्यांना आभाराचे पत्र लिहून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले. एकच पान, कसलीही मागणी नाही, कलमाचा उल्लेख नाही. तासाभरात त्यांचा फोन आला.

"काका, पत्राची बाकीची पानं पाठवायची राहिली का?"