आधी ‘टेकव’ कुणी म्हणायचं

धुकं इतकं दाट होतं, की ट्रकचा मागचा दिवा लागलाय का हे बघायला हत्तीला अख्ख्या ट्रकला वळसा घालावा लागला. लागला होता. मग त्याने रोजचं काम सुरू केलं. सामानाभोवती गुंडाळायच्या जाड चादरी झटकायच्या, घड्या घालायच्या, पट्ट्यांचे गुंते सोडवायचे. चादरी दमट झाल्या होत्या, त्यामुळे धूळ उडायच्या ऐवजी त्याच्याच अंगाला चिकटत होती.

हत्ती हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. लोकांचं सामान एका घरातून दुसऱ्या घरात हलवायचं काम तो मिसरूड फुटल्यापासून करत होता. ऐन तारुण्यात एकदा त्याने फ्रीज एकट्याने पाठीवर घेऊन गच्चीवर नेला. गरज काहीच नव्हती, कुणीतरी “एकट्याच्याने होतंय का” एवढंच म्हणालं होतं. तेव्हापासून नाव चिकटलं. बायको मात्र दारात अडवून म्हणायची, “हत्ती असाल तुम्ही ट्रकवर. इथे पाय पुसून आत या.”

ट्रकवर माणसं तीन. एक म्हातारा ड्रायव्हर, जो ओझ्याला हात लावत नसे, पण तोंडाला विश्रांती देत नसे. ओझ्याचं एक टोक हत्तीकडे आणि दुसरं त्याच्या मेहुण्याकडे, म्हणजे बायकोच्या पाठच्या भावाकडे.

आता या धंद्यातली एक रीत सांगायला हवी. दोघांनी जिन्यावर ओझं धरलं, की ज्याला दम लागेल त्याने ‘टेकव’ म्हणायचं. मग दोघांनी एकदम पायरीवर टेकवायचं. साधी गोष्ट. पण जो आधी म्हणेल तो त्या दिवसापुरता ‘वहिनी’. वहिनीने मग उशा, कुंड्या आणि दिव्यांच्या काचा एवढंच उचलायचं. ड्रायव्हर खाली उभा राहून अख्ख्या गल्लीला ऐकवायचा, “वहिनी, जपून हं! नखं मोडतील!” त्यामुळे ‘टेकव’ सहसा कुणी म्हणतच नसे. हत्ती तर जन्मात म्हणाला नव्हता.

त्या धुक्याच्या सकाळी एक लाकडी कपाट खाली आणायचं होतं. लिफ्टमध्ये मावेना. हत्ती वरच्या बाजूला, मेहुणा खालच्या. दुसऱ्या वळणावर हत्तीचा उजवा खांदा बधिर झाला. बोटं जागेवर आहेत की नाहीत, कळेना. एवढं वळण काढू, तो मनात म्हणाला. काढलं. मग म्हणाला, आता कशाला, एकच जिना तर राहिला. खालून मेहुण्याचा श्वास भात्यासारखा ऐकू येत होता, पण तोही तोंड मिटून.

आणि हत्तीची पकड सुटली. कपाट घसरलं ते थेट मेहुण्याच्या पावलावर जाऊन बसलं.

हॉस्पिटलमध्ये बायको आली. तिने आधी भावाचं पाऊल बघितलं, मग नवऱ्याचं तोंड.

“काय झालं?”

“निसटलं.”

“तुमच्या हातून?”

“पायरी ओली होती,” हत्ती म्हणाला.

पायरी ठणठणीत कोरडी होती. मेहुणा पलंगावर पडल्या पडल्या छताकडे बघत राहिला. पावलाची हाडं जोडायला ऑपरेशन झालं, आणि शुद्धीवर आल्यावर त्याने बहिणीला हळूच सांगितलं, “ताई, बरा झालो की कामावर जाईन. पण दाजींच्या ओझ्याचं टोक पुन्हा धरणार नाही.” तिने ते नवऱ्याला जसंच्या तसं सांगितलं. पदरचं काही घातलं नाही, म्हणून ते जास्त लागलं. वर्षानुवर्षं दोघे एकमेकांच्या भरवशावर जिने उतरले होते. नुसत्या खांद्याच्या हालचालीवरून दुसऱ्याचं पाऊल ओळखायचे. दुसरा असा माणूस आणायचा कुठून?

काम संपलं की हत्ती रोज वॉर्डात जायचा. स्टुलावर बसायचा. बोलणं जवळपास नाहीच. “जेवलास?” “हो.” “दुखतंय?” “नाही.” मग दोघे समोरच्या भिंतीवरचं घड्याळ बघायचे, जणू तिथे मॅच चालू आहे.

वॉर्डात एक ब्रदर होता, समुद्रापलीकडच्या देशातून आलेला. आडदांड, दाढी छातीवर, दंडावर नांगर गोंदलेला. शब्द नीट जुळवून बोलायचा. एका संध्याकाळी तो आणि दोन सिस्टर मिळून एका लठ्ठ पेशंटला पलंगावरून ट्रॉलीवर घेत होते. अर्ध्यात ब्रदर म्हणाला, “थांबा. माझा हात गेला. खाली.” तिघांनी अलगद खाली ठेवलं. त्याने मनगट झटकलं, पुन्हा धरलं, उचललं, झालं.

आता कोण हसतंय म्हणून हत्ती वाट बघत राहिला. कुणीच हसलं नाही. एका सिस्टरने फक्त “चल, पुढच्या पलंगाकडे” म्हटलं.

हत्तीला राहवेना. त्याने ब्रदरला पाण्याच्या नळापाशी गाठलं. “एवढे धट्टेकट्टे तुम्ही. बायकांच्या देखत हात गेला म्हणता, लाज नाही वाटत?”

“कसली लाज?” ब्रदर म्हणाला. “माझ्या गावी सगळे मासेमारीवर. जाळं ओढताना ज्याचा हात जाईल त्याने ओरडायचं. माझा बाप सगळ्यांत मोठ्याने ओरडायचा. जो ओरडत नाही, त्याला होडीत कुणी घेत नाही. त्याचा भरवसा काय?”

“म्हणजे तुमच्याकडचे पुरुष फारच शहाणे.”

“कुठलं काय!” ब्रदर दाढीत हसला. “तिथे नवऱ्याने स्वतःचा शर्ट धुतला तर मामा-काका बोलायचं सोडतात. मी माणसांना अंघोळ घालतो, हे बापाला सांगायची माझी हिंमत नव्हती. हॉस्पिटलात मशीन चालवतो म्हणून सांगून ठेवलेलं. परवा फोनवर खरं सांगून टाकलं.”

“मग?”

“मला वाटलं फोन ठेवला. मग बाप म्हणाला, अंघोळीचं पाणी आधी स्वतःच्या कोपरावर घालून बघत जा.”

हत्ती स्टुलावर परत आला. घड्याळाकडे बघितलं. मग घड्याळालाच सांगितल्यासारखं म्हणाला, “पायरी ओली नव्हती.”

“ठाऊक आहे मला,” मेहुणा म्हणाला. “मीच उभा होतो तिच्यावर.”

“खांदा गेला होता माझा. दुसऱ्या वळणावरच.”

मेहुणा कोपरावर रेलत उठला. “मग बोलायचं ना, दाजी!”

“तू तरी कुठे बोललास?”

“माझे हात तर त्याच्याही आधी गेले होते! म्हटलं, दाजी आता म्हणतील, मग म्हणतील. तुमच्या तोंडाकडे डोळे लावून बसलो होतो.” तो पुन्हा उशीवर टेकला. “हसू नका. मला भीती वाटते आता. तुम्ही मराल पण म्हणणार नाही, आणि मी खाली असेन.”

हत्ती हसत नव्हताच. त्याने घरी जाऊन बायकोलाही खरं सांगितलं. ती भांडी पुसत होती. “पायरीला उगाच बदनाम केलंत,” म्हणाली, आणि त्याच्या हातात दुसरं फडकं दिलं.

मेहुणा परत आला तेव्हा ऊन चटके देत होतं. चाल जरा लंगडी, पण पाय भार घेत होता. काम होतं लोखंडी सांगाड्याच्या सोफा-कम-बेडचं. बैठा दिसतो, पण उचलला की जीव काढतो. मेहुण्याने दुसऱ्या टोकाला हात लावला नाही. दारातच उभा राहिला.

“खाली मी,” हत्ती म्हणाला. “तू वर धर.”

“आणि?”

“आणि म्हणेन. धर तर खरं.”

मेहुण्याने धरलं. ते निघाले. पहिलं वळण गेलं. मग खांद्यात ती ओळखीची मुंगी चालायला लागली. हत्तीला वाटलं, शब्द अगदी जिभेवर आहे. पण जीभ टाळूला चिकटलेली. फ्रीज पाठीवर घेताना एवढा घाम फुटला नव्हता. वरून मेहुणा त्याच्याकडे बघत होता, डोळे न मिटता.

“टेकव,” हत्ती म्हणाला. आवाज इतका बारीक निघाला, की त्यालाच तो कुणा परक्याचा वाटला.

“काय?”

“टेकव!!”

अख्खा जिना दणाणला. दोघांनी सोफा एकदम पायरीवर ठेवला. शेजारचं दार किलकिलं झालं आणि एक बाई म्हणाली, “अहो, इथे काय टेकवताय? मला भाजीला जायचंय!”

“जा की मावशी, अंग चोरून,” मेहुणा म्हणाला. त्याचा चेहरा बदलला होता.

खालून ड्रायव्हरची हाळी आली. “कोण रे? आज वहिनी कोण?”

“मी,” हत्ती ओरडला.

खालून ड्रायव्हर जरा चाचरत म्हणाला, “तू? थट्टा करतोस काय?”

“नाही. खांदा गेला.”

“मग... मग उशा उचल!” ड्रायव्हरला रीत सोडवेना.

“उचलतो. आधी हे खाली येऊ दे.”

त्यांनी हात झटकले, पुन्हा धरलं. पुढच्या वळणावर मेहुणाच खणखणीत आवाजात म्हणाला, “टेकव!” आणि पुढे चार पायऱ्या उतरतात न उतरतात तोच पुन्हा, “टेकव!”

“आत्ता तर टेकवलं!”

“नाकाला खाज सुटलीय, दाजी.”

“अरे, असा संध्याकाळपर्यंत पोहोचायचा नाही सोफा!”

“वहिनी, चिडू नका,” मेहुणा म्हणाला आणि मनसोक्त नाक खाजवलं.

सोफा ट्रकमध्ये चढला. ड्रायव्हर “काय काळ आलाय” असं पुटपुटत दिवसभर दोघांनाही वहिनी म्हणत राहिला, पण ट्रकमधून खाली उतरून त्याने पट्ट्याचं एक टोक धरलं. मेहुणा सावलीत बसून बुटाची नाडी सैल करत म्हणाला, “दाजी, उद्याच्या कामाला मला किती वाजता घ्यायला येताय?”

“रोजच्याच वेळी,” हत्ती म्हणाला. वर पडद्यांचे दांडे अजून भिंतीलाच होते. त्याने पेटीतून स्क्रूड्रायव्हर शोधला, खिशात घातला आणि जिना चढायला लागला.